जांभ्याच्या भिंतीला सिमेंट नको

महोदय,

जुन्या वास्तूंची हॉटेले करण्याला माझा विरोध नाही. सावंतवाडीच्या राजवाड्यात आता पाहुणे राहतात, हे चांगलेच झाले. राबता असला की घर टिकते. आमच्या वेंगुर्ल्यातली सतराव्या शतकातली डच वखार ओस पडली आणि तिचे काय झाले ते जाऊन बघावे.

माझे म्हणणे दुरुस्तीबद्दल आहे. नुकतीच मुलीच्या हट्टापायी पणजीत फोंतेन्हास भागात, पोर्तुगीज अमदानीतल्या घराचे हॉटेल केले आहे तिथे राहिले. उंच छत, शिंपल्यांची तावदाने, सागवानी जिना, सगळे निगुतीने राखलेले. पण खोलीत पलंगामागे गुडघाभर उंचीवर रंग फुगला होता. बोट लावले तर पापुद्रा सुटला, आत पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतून फुटलेले क्षार, आणि त्याच्यामागे चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, लाल भुगा. भिंतीला सिमेंटचा गिलावा केलेला. दरवर्षी पावसाळा संपला की पुन्हा रंग देतो, असे तिथला मुलगा म्हणाला. रंग देऊन काय होणार?

माझे वडील गवंडी होते. चिरा पाणी पितो, ते त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल हळूहळू बाहेर पडते. सिमेंटने वाट बंद केली की पाणी आतच राहते, क्षार दगडातच साठतात आणि चिरा आतून कुजतो. आपल्याकडे शिंपले भाजून चुना करत. वडील तो खड्ड्यात महिनोन् महिने भिजत ठेवायचे, मळताना गुळाचे आणि हिरड्याचे पाणी घालायचे. वेळ फार जातो, म्हणून ठेकेदार त्या वाटेला जात नाहीत.

सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे. इथल्या जुन्या वाड्याला हॉटेलची परवानगी देताना जांभ्याच्या भिंतीवर चुन्याचाच गिलावा हवा, अशी अट प्रशासनाने घालावी. आणि चुन्याचे काम येणारे जे थोडे म्हातारे गवंडी गावोगावी उरले आहेत, त्यांच्या हाताखाली आयटीआयची मुले द्यावीत. हे याच हंगामात, पाऊस सुरू होण्याआधी व्हायला हवे.

— एक निवृत्त शिक्षिका, वेंगुर्ले