एमआरआयच्या लोहचुंबकाविषयी आई-बाबांना पत्र

छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आई रडली, तेव्हापासून माझे कशातच लक्ष लागत नाही. आपल्या आळीतल्या मामांनी उभा जन्म एक्स-रेच्या खोलीत काढला आणि त्यांना रक्ताचा कर्करोग झाला, म्हणून लेकीनेही ही एमआरआयची नोकरी सोडावी, असे तिच्या मनाने घेतले आहे. बाबा, तुम्ही तर याच धास्तीने कमरेचा एमआरआय दोनदा पुढे ढकललात. फोनवर मला नीट बोलता आले नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आई, एक्स-रे आणि एमआरआय एकाच मजल्यावर असले तरी त्यांची जात वेगळी आहे. एक्स-रेच्या किरणांत इतकी ऊर्जा असते की ते पेशीतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवून लावतात आणि त्यातून डीएनएला इजा होऊ शकते. म्हणूनच तिथे शिशाचा एप्रन घालतात आणि अंगावर किती किरणे पडली ते मोजणारा बॅज छातीवर लावतात. माझ्या खोलीत आहे ते लोहचुंबक. त्याचे क्षेत्र स्थिर असते, म्हणजे त्याची दिशा आणि जोर बदलत नाही, आणि डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा त्यातून पेशीला मिळत नाही. दिवाळीत तू आली होतीस तेव्हा बंद दाराआडून येणारा चिक्‌-चिक्‌ आवाज ऐकून, यंत्र रात्रीही चालते का, असे विचारले होतेस. तो आवाज चुंबकाभोवतीचे हेलियम थंड ठेवणाऱ्या पंपाचा आहे. चुंबक रात्रंदिवस चालूच असते, ते आम्ही कधी बंद करत नाही.

त्याचा जोर मोठा आहे, हे मी लपवत नाही. आपण जन्मभर ज्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वावरतो, ते आपल्या भागात सुमारे 40 मायक्रोटेस्ला आहे (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे माप, मायक्रोटेस्ला म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग), आणि माझे यंत्र 1.5 टेस्लाचे, म्हणजे त्याच्या तीस हजार पटींहून अधिक. मात्र हा जोर यंत्राच्या बोगद्यात असतो. दोन-चार पावले मागे सरले की तो झपाट्याने उतरतो. रुग्णाला टेबलावर नीट झोपवून कॉइल, म्हणजे शरीरातून येणारे संकेत टिपणारे साधन, लावेपर्यंत काही मिनिटे मी जवळ असते, पुढचा सगळा वेळ काचेपलीकडे. वाकून मान झटकन वळवली तर क्वचित गरगरल्यासारखे होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2006 मध्ये या क्षेत्रांच्या परिणामांत अशा गरगरण्याची नोंद केली आहे. बाहेर आले की ते थांबते.

आता कर्करोगाचे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी संस्था फ्रान्समध्ये आहे. तिने 2002 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्थिर चुंबकीय आणि स्थिर विद्युत क्षेत्रांना तिसऱ्या गटात ठेवले. कर्करोग होतो असे म्हणण्याइतका पुरावा हाती नाही, पण होत नाही असे ठामपणे सांगण्याइतकाही नाही, असा त्या गटाचा अर्थ. हे निर्धोकपणाचे प्रमाणपत्र नव्हे, आणि तसे म्हणून मी तुमची समजूत काढणार नाही. पुरावा अपुरा का राहिला, तेही समजण्याजोगे आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यांत प्रचंड एकदिश प्रवाह वाहतो, त्यामुळे तिथले कामगार वर्षानुवर्षे स्थिर क्षेत्रात असतात. त्यांच्यातल्या काही कर्करोगांचे प्रमाण जास्त आढळले, पण तेच कामगार डांबराचा धूरही छातीत भरून घेत होते, आणि तो धूर कर्करोग करतो हे पक्के ठाऊक आहे. अशा ठिकाणी दोष चुंबकाच्या माथी मारता येत नाही.

स्थिर विद्युत क्षेत्राची ओळख तर तुला रोजची आहे. थंडीत नायलॉनची साडी सोडताना चटचट होते ना, ते हेच. हे क्षेत्र शरीराच्या आत जवळजवळ शिरत नाही. त्वचेवरचे केस उभे राहतात, फार तर झटका बसतो. वळिवाचे ढग दाटले की शेतात उभ्या माणसाभोवती ते हजारो व्होल्ट प्रतिमीटरपर्यंत जाते. तेव्हा भ्यायचे ते कर्करोगाला नव्हे, पडणाऱ्या विजेला. आपल्या मराठवाड्यात दरवर्षी माणसे आणि गुरे दगावतात ती तिच्यामुळे.

बाबा, तुम्ही मळ्यातल्या टॉवर लाइनचे विचारलेत, तो विषय निराळा आहे. त्या तारांतला प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तने घेतो, म्हणून तिचे क्षेत्र स्थिर नसते. 1979 मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातल्या एका अभ्यासाने, अशा तारांजवळ राहणाऱ्या मुलांना कर्करोग होत असावा, ही शंका प्रथम पुढे आणली. नंतरच्या अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र केल्यावर असे दिसले की ज्या घरांत हे क्षेत्र सरासरी 0.3 ते 0.4 मायक्रोटेस्लाच्या वर असते, तिथल्या मुलांत ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचे, प्रमाण साधारण दुप्पट होते. तशी घरे फार थोडी असतात, आणि कारण तेच आहे हेही सिद्ध झालेले नाही. तरी त्याच संस्थेने या क्षेत्राला ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हटले आहे. मोठ्या माणसांत असा संबंध सातत्याने दिसून आलेला नाही. आपले घर लाइनपासून लांब आहे, तेव्हा काळजी नको. फक्त दादाला गड्यासाठी नवी खोली बांधायची आहे, त्या कुटुंबात दोन लेकरे आहेत, म्हणून ती खोली तारांखाली न बांधता विहिरीच्या अंगाला बांधावी असे मला वाटते.

एमआरआयमध्ये मी खरी भिते ती लोखंडाला. 2018 च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या सिलिंडरसह एक तरुण चुंबकाकडे खेचला गेला आणि त्यात त्याचा जीव गेला. आमच्या दारात मी प्रत्येकाला तेच तेच प्रश्न विचारते, ते यासाठी: पेसमेकर आहे का, शरीरात क्लिप किंवा छर्रा आहे का, डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का.

हा शेवटचा प्रश्न बाबा, मी आज तुम्हालाच विचारते आहे. साखर कारखान्यात फिटर असताना ग्राइंडिंग करताना तुमच्या उजव्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता, आणि आठवडाभर डोळ्याला पट्टी होती, एवढे मला आठवते. तो पूर्ण निघाला होता का? कण आत राहिला असेल तर चुंबकाने तो हलू शकतो आणि डोळ्याला इजा होऊ शकते. तेव्हाचे कागद लोखंडी पेटीत तळाशी असतील, ते आईकडून शोधून घ्या. सापडले नाहीत तर आधी डोळ्याचा एक साधा एक्स-रे काढू आणि मगच तुम्हाला आत नेऊ. पुढच्या गुरुवारी सकाळची वेळ मी लिहून ठेवली आहे.

तुमची लेक