वाखानच्या बीबींना, दुचर्खावाल्याकडून

प्रिय बीबी,

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुमची बोली वाखी, नातवाच्या शाळेतली भाषा ताजिक आणि मी लिहितोय मराठीत. तरी का लिहितोय, ते शेवटी सांगतो.

ओळख पटावी म्हणून: ताजिकिस्तानात इश्काशिमहून लांगरला जाणाऱ्या रस्त्यावर, तुमच्या कुंपणाच्या सावलीत, तुटलेल्या कॅरियरकडे बघत बसलेला दाढीवाला तो मी. त्याला रस्ता म्हणायचं म्हणजे जरा औदार्यच. पन्हाळी पत्र्यावरून चालवावी तशी सायकल दिवसभर थडथडत होती, मध्येच वाळूत चाक रुतत होतं, वारा थेट तोंडावर. त्यात कॅरियरची एक दांडी मोडली. लोखंडी असती तर कुठल्याही गावात वेल्डिंग करून घेता आली असती. ॲल्युमिनियमला साधं वेल्डिंग चालत नाही. निघण्याआधी दोन जाणत्यांनी हे बजावलं होतं. मी मात्र ग्रॅम मोजत बसलो होतो.

तुमचा नातू आला आणि सायकलकडे बोट दाखवून म्हणाला, "दुचर्खा." मी म्हटलं, "दुचाकी." तो थबकला, मग खदखदून हसला. मला तिथेच अर्धा मुक्काम मिळाल्यासारखं वाटलं. तुमचं चर्ख आणि आमचं चाक एकाच जुन्या घराण्यातले, हे मला माहीत होतं. पण ते असं रस्त्याच्या कडेला भेटेल, असं वाटलं नव्हतं.

मग आमचा खेळच सुरू झाला. त्याचा दरवोझा, माझा दरवाजा. त्याचा बोझोर, माझा बाजार. तुमच्या डोक्यावरचा रूमोल म्हणजे माझ्या खिशातला रुमाल. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून कारभारातले फारसी शब्द बदलायला घेतले, ते योग्यच होतं; पण जे शब्द आमच्या तोंडात राहून गेले, त्यांनी त्या संध्याकाळी माझी सोय केली.

तुम्ही बाहेर आलात, दांडी हलवून पाहिलीत आणि म्हणालात, "खरोब." याचा अर्थ मला कुणी सांगावा लागला नाही. मुलगा रशियात कामाला, घरात दुसरा पुरुष नाही, असं नातवाने खुणांनी सांगितलं होतं. त्यामुळे आता कुणाला तरी बोलावतील, असं मी धरून चाललो होतो. तुम्ही कुणालाही बोलावलं नाहीत. पॉपलरची एक वाळकी काठी आणलीत, मोडक्या हाडाला फळी बांधावी तशी दांडीला लावलीत, वरून तार आवळलीत आणि माझ्याच जुन्या ट्यूबची पट्टी कापून तिच्यावर गुंडाळलीत. मी फक्त सायकल धरून उभा होतो. दोनदा "नीट धर" असं काहीतरी म्हणालात, वाखीत. तेही कळलं.

घरातला पहिला घोळ माझा. नान हातात घेतला, एक तुकडा तोडला आणि उरलेला पालथा ठेवला. नातवाने तो काही न बोलता सुलटा केला. तुम्ही दुसरीकडे बघत होतात, किंवा तसं दाखवत होतात. मग शीरचाय आली, दूध, लोणी आणि मीठ घातलेली. शिरखुर्म्यातला शीर तो हाच, एवढी ओळख होती. खारट चहाशी मात्र नव्हती. दुसरा वाडगा मी खरंच आवडीने प्यायलो, पहिला नाही.

रात्री आडवा पडून वर पाहिलं, तर छतात एकात एक चार चौकोन आणि मधून आकाश. नातू म्हणाला, "चोरखोना." मला आधी चोर आठवला, मग कळलं: चार खाने. माती, पाणी, वारा आणि अग्नी. घराच्या पाच खांबांची नावं तो बोटांवर मोजत होता: मुहम्मद, अली, फातिमा, हसन, हुसेन. भिंतीवर इस्माइली पंथाचे धर्मगुरू चौथे आगाखान यांची तसबीर होती. त्यांच्या आजोबांनी १८९२ मध्ये बांधलेला महाल आमच्या पुण्यात आहे, आणि गांधीजी तिथे कैदेत होते. फोनवर त्याचा फोटो दाखवला तेव्हा तुम्ही फोन हातात घेतलात आणि बराच वेळ परत दिला नाहीत. गांधीजींचं मला नीट सांगता आलं नाही. तिथे आमचे समान शब्द संपले.

आता माफीचं. तुमच्या दारावर होमस्टेची पाटी नव्हती, हे मी पाहिलं होतं. तरी सकाळी सोमोनीच्या, म्हणजे ताजिक चलनाच्या, नोटा कुर्पाच्याखाली, गादीखाली, सरकवल्या. तासाभराने नातू मागून धावत आला, एका हातात नोटा, दुसऱ्या हातात नान, सुलटा धरलेला. नोटा परत घेताना मी जितका ओशाळलो, तितका त्या प्रवासात कधीच नाही. तुम्हाला राग आला होता का? पोराच्या चेहऱ्यावरून काही कळेना, तो फक्त धापा टाकत होता.

तुमची काठी ४,३४४ मीटरवरच्या खारगुश खिंडीतून पार झाली, अक-बैतालच्या ४,६५५ मीटरवरूनही उतरली. किर्गिझस्तानात ओशला पोहोचून मी लोखंडी कॅरियर घेतलं, ते जास्त भीतीपोटी. काठी तोवर जराही ढिली झाली नव्हती.

आणि हे पत्र मराठीत का, तर निघताना तुम्ही फोटोचा कागद हातात धरल्याची खूण केली होती. फोनमधला नको, कागदावरचा हवा. तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. असता तरी टपालावर माझा भरवसा नाही. पण आमच्याकडची मंडळी आता पामीरला सायकल घेऊन जाऊ लागली आहेत. त्यांच्यापैकी कुणी हे वाचून मला कळवलं, तर घर कुठलं ते मी त्यांना नीट समजावून देईन. तुमचा एक, नातवाचा दुचर्खावर बसलेला एक, आणि काठी बांधलेल्या कॅरियरचा एक, असे तीन फोटो छापून ठेवलेत. तय्योर आहेत, बीबी.

तुमचा,
दुचाकीवाला