गांजाचे दुकान नको, पण ओढणाऱ्याला तुरुंगही नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गांजा कायदेशीर करावा की नाही, यावर आपल्या अंकात सुरू असलेली पत्रचर्चा नेमाने वाचते आहे. एका बाजूला ‘ही तर औषधी वनस्पती’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘पिढी वाया जाईल’ म्हणणारे. दोघांचे भांडण त्या झाडाच्या गुणदोषांवर चालले आहे. गांजा ओढताना सापडलेल्या माणसाचे पुढे काय करायचे आणि गांजाची उघड विक्री होऊ द्यायची का, हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे आहेत याकडे मात्र कुणाचे लक्ष नाही. माझे उत्तरही दोन्हींना वेगवेगळे आहे.

आपला १९८५ चा एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. या कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पाने त्यात येत नाहीत, म्हणून भांग या कायद्याच्या बाहेर राहते आणि तिचा कारभार राज्यांच्या अबकारी नियमांवर चालतो. एकाच झाडाच्या पानाला परवाना आणि फुलाला सक्तमजुरी! ही व्याख्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आली आहे. एक किलोपर्यंत गांजा म्हणजे ‘अल्प प्रमाण’, त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर गेले की ‘व्यावसायिक प्रमाण’, मग किमान दहा वर्षे, आणि जामीनही जवळपास अशक्य. जवळ काहीही सापडले नाही, फक्त सेवन सिद्ध झाले, तरी कलम २७ आहेच : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता आकडे पाहा. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेले सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात गांजा किंवा चरस घेतलेल्यांची संख्या त्यात सुमारे १ कोटी ३० लाख निघाली. कायद्याप्रमाणे हे सगळे गुन्हेगार. इतक्या लोकांना पकडणे कोणत्याही पोलीस दलाला शक्य नाही, आणि पकडावे असे कुणाला मनातून वाटतही नाही. मग कुणाला पकडायचे आणि कुणाला दम देऊन सोडायचे, हे ठरते त्या क्षणी समोर उभ्या असलेल्या पोलिसाच्या मर्जीवर. पुलाखाली बसून चिलीम ओढणारा हमाल सापडतो. बंद दारामागे ओढणारा सहसा सापडत नाही. या कायद्याविरुद्ध माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे. गांजा निरुपद्रवी आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

‘पण उपचाराची सोय कायद्यातच आहे’, असे एका पत्रलेखकाने म्हटले आहे. खरे आहे. कलम ६४-अ प्रमाणे व्यसनी आरोपी स्वतःहून सरकारमान्य संस्थेत उपचार घ्यायला तयार झाला आणि त्याने ते पूर्ण केले, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालत नाही. तरतूद चांगली आहे, पण ती नीट वाचली की तिच्यातली अडचण दिसते. ही सवलत आहे व्यसनी माणसाला. मित्रांच्या नादाने दोनदा ओढलेला विद्यार्थी व्यसनी नसतो, त्याला उपचाराची गरजही नसते. खटला टाळायचा तर त्याने स्वतःला व्यसनी म्हणवून घ्यायचे आणि ज्याला खरोखर खाट हवी आहे त्याची जागा अडवायची. शिवाय ही सवलत मिळते आरोप ठेवला गेल्यानंतर, म्हणजे अटक, पंचनामा, वकील, घरी गेलेला फोन, नोकरीवरचे गंडांतर हे सगळे उरकल्यावर. खऱ्या व्यसनी माणसालाही डॉक्टर भेटायचा तो पोलीस ठाण्याच्या वाटेनेच.

पोर्तुगालने २००१ मध्ये हा क्रम उलटा केला. तिथे दहा दिवसांना पुरेल इतका साठा बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहिला नाही, पण तो मालही कायदेशीर झाला नाही. तो जप्त होतो आणि बाळगणाऱ्याला एका छोट्या समितीपुढे जावे लागते. समितीत कायदा, आरोग्य आणि समाजकार्य या क्षेत्रांतली माणसे असतात. व्यसन नसेल तर समज देऊन प्रकरण बहुधा थांबवतात, व्यसन असेल तर उपचाराकडे वळवतात. विकणाऱ्याला तुरुंग पूर्वीसारखाच. आपल्याकडे सुधारणा करायची तर कलम २७ आणि अल्प प्रमाणाची शिक्षा या दोन ठिकाणी अशी करावी, असे मला वाटते. अल्प प्रमाणाची मर्यादा मात्र तेव्हा एक किलोवरून बरीच खाली आणावी लागेल; एक किलो गांजा कुणी स्वतःसाठी बाळगत नाही.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याचा दाखला देऊन विरोधक विचारतील, तिथे का फसले? २०२० मध्ये मतदारांनी सर्वच अमली पदार्थ थोड्या प्रमाणात जवळ बाळगण्याचा गुन्हा रद्द केला. त्याजागी शंभर डॉलरचा दंड, आणि एका हेल्पलाइनला फोन केला की तोही माफ. फोन करणारे थोडेच निघाले, उपचारांसाठीचा पैसा उशिरा पोहोचला, त्यात फेंटानिल या अतितीव्र कृत्रिम अमली पदार्थाची लाट आली, आणि २०२४ मध्ये राज्याने पाऊल मागे घेतले. शिक्षा काढली पण तिच्या जागी काही उभे केले नाही, असा या प्रकाराचा मी अर्थ लावते. व्यसनमुक्ती केंद्रांची आपली स्थिती पाहता ही भीती इथेही खरी आहे, हे मान्यच केले पाहिजे.

आता विक्रीबद्दल. इथे मी समर्थकांच्या बाजूची नाही. थायलंडने २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. नियमन करणारा स्वतंत्र कायदा तयार नव्हता, तरीही. हजारो दुकाने उघडली आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट आणावी लागली. अमेरिकेच्या अनेक राज्यांत खुल्या बाजाराने नशेची तीव्रता कितीतरी वाढवलेले अर्क दुकानांत आणले. तीव्र गांजा रोज घेणाऱ्यांत, विशेषतः कोवळ्या वयात सुरुवात करणाऱ्यांत, मनोविकाराचा धोका वाढतो, हे आता अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. बाजाराचा नफा येतो तो याच रोजच्या गिऱ्हाइकांकडून. कॅनडातल्या क्वेबेकने विक्री सरकारी दुकानांपुरती ठेवली आणि वयाची अट २१ वर नेली, तो प्रकार बराच बरा. पण तेवढी शिस्त राखणारी यंत्रणा आपल्याकडे कुठे आहे? महसुलाच्या आशेने दारूचे परवाने कसे वाटले जातात, हे सर्वांनी पाहिलेले आहे.

एक जुनी गोष्टही इथे सांगायला हवी. याच विषयावर १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने आयोग नेमला होता. त्याने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या आणि सरसकट बंदीची शिफारस केली नाही. लागवड आणि विक्रीवर नियंत्रण व कर सुचवला. समर्थक हा अहवाल झेंड्यासारखा मिरवतात. पण त्या काळचा गांजा आजच्या इतका तीव्र नव्हता आणि समाजमाध्यमांवरून जाहिरात करणाऱ्या कंपन्याही नव्हत्या, हे ते सांगत नाहीत.

संपादक महोदय, ही चर्चा पुढे चालवणार असाल तर वैद्य आणि सेलिब्रिटींच्या मतांना थोडी विश्रांती द्यावी. एनडीपीएस न्यायालयात रोज उभे राहणारे सरकारी वकील, तिथेच आरोपींची बाजू मांडणारे वकील आणि सरकारी रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ यांना लिहिते करावे. कलम ६४-अ चा लाभ गेल्या पाच वर्षांत राज्यात किती जणांना मिळाला, एवढी माहिती जरी आपल्या वार्ताहराने गृह विभागाकडून मिळवून छापली, तरी वाद घालायला काही आधार मिळेल.

आपली,
एक नियमित वाचक