पोरं ड्यूक-केंटकीलाच का पळतात

संपादक साहेब, नमस्कार.

परवा कॉलेज रोडला चहा पिताना भाच्याशी वाद झाला, विषय काय तर अमेरिकेतली बास्केटबॉलची सगळी भारी पोरं शाळा संपली की ड्यूक नाहीतर केंटकी, या दोन युनिव्हर्सिटींच्या टीमकडेच का पळतात. तो म्हणतो, मामा, पैसा. आता पैसा आहेच, जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना जाहिराती करून कमवायची परवानगी मिळाली आणि २०२५ पासून तर कॉलेजं स्वतःच पैसे देतायत. पण मग २०१० ला काय होतं? तेव्हा नियमाने नुसती स्कॉलरशिप, तरी एनबीए, म्हणजे तिकडची मोठी प्रोफेशनल लीग, तिच्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू नंबरने निवडतात तो) एकट्या केंटकीची ५ पोरं पहिल्याच राउंडमध्ये गेली, जॉन वॉल तर पहिल्या नंबरवर.

खरी मेख नियमात आहे. २००६ च्या ड्राफ्टपासून तिकडच्या पोरांना शाळेतून डायरेक्ट एनबीएत जाता येत नाही, वय १९ लागतं आणि शाळा सुटून एक वर्ष. मग ते वर्ष कुठं काढायचं? जिथली मॅच टीव्हीवर दिसते, एनबीएवाले येऊन बसतात आणि रोज प्रॅक्टिसला समोर आपल्याच तोडीचा गडी असतो, तिथंच ना! डेव्हिन बुकर बघा, २०१४-१५ ला केंटकीकडून एकही मॅच स्टार्ट केली नाही, कायम बेंचवरून उतरायचा, तरी ड्राफ्टमध्ये १३ वा. (भाचा इथं जरा गप्प झाला.)

लांब कशाला, आपल्या नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलच्या ग्राउंडचं बघा. हरसूलकडची धावपटू कविता राऊत तिथं विजेंदर सिंग सरांकडे तयार झाली, २०१० च्या कॉमनवेल्थला १० हजार मीटरमध्ये ब्राँझ, मग मोनिका आथरे, संजीवनी जाधव. एक पोरगी मेडल घेऊन आली की बाकीच्या घरांनाही आपली लेक नाशिकला धाडायची हिंमत येते.

बास्केटबॉलला मात्र बोंब. भाच्यासाठी स्पोर्ट्स कोट्याची चौकशी करायला एका कॉलेजात गेलो, तर रिंगला जाळी नाही आणि कोर्टावर टू-व्हीलर लावलेल्या. विचारलं, इथून शेवटचा पोरगा स्टेटला कधी खेळला? खिडकीतला माणूस म्हणाला, काका, आधी फॉर्म घ्या, शंभर रुपये.

आपला,
एक जुना खेळाडू, गंगापूर रोड, नाशिक