उसाच्या फडातली ओवी आणि क्यूबाचा ठेका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागातील एका आंतरमहाविद्यालयीन गायन स्पर्धेत नुकतेच माझ्या एका विद्यार्थिनीने आईकडून ऐकलेली, उसाच्या फडातली ओवी जॅझच्या अंगाने आणि क्यूबाच्या ‘क्लावे’ ठेक्यावर गायली. साथीला पेटी होती, आणि ठेका धरायला टिपऱ्या. ‘पाश्चात्त्य अनुकरण, लोकगीताचा बाज बिघडवला’ असा शेरा मारून परीक्षकांनी तिला बाद केले. बक्षीस गेल्याचे दुःख नाही, पण तो शेरा चुकीचा आहे, आणि तो या मुलीच्या मनात घर करून राहू नये म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ज्याला आपण ‘पाश्चात्त्य’ म्हणून बाजूला सारतो, ते कॅरिबियन बेटांचे संगीत प्रामुख्याने उसाच्या मळ्यांत राबवल्या गेलेल्या आफ्रिकी गुलामांनी आणि त्यांच्या वंशजांनी घडवले आहे. त्रिनिदादमध्ये कॅलिप्सो गाण्याची पाळेमुळे ज्या ‘कॅनबुले’ मिरवणुकीत सापडतात, त्या शब्दाचा मूळ फ्रेंच अर्थच ‘जळालेला ऊस’ असा आहे. मळ्याला आग लागली की आसपासच्या गुलामांना हाकलत आणून ती विझवायला लावत, आणि गुलामगिरी संपल्यावर त्याच लोकांनी मशाली व ढोल घेऊन तो प्रसंग रस्त्यावर उभा केला. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर उचल (आगाऊ मजुरी) घेऊन निघणाऱ्या कोयत्यांना, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्यांना, हे संगीत परके कसे म्हणायचे?

हॅरी बेलाफाँटे यांचे उदाहरण तर परीक्षकांनी मुद्दाम पाहावे. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जन्मलेल्या आणि बालपणाची काही वर्षे जमैकात काढलेल्या या गायकाने सुरुवात जॅझ क्लबातून केली, पहिल्याच कार्यक्रमात त्यांच्या साथीला जॅझमधले नामांकित सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर होते. पुढे त्यांनी लोकगीतांच्या संग्रहांचा अभ्यास केला आणि १९५६ साली ‘कॅलिप्सो’ ही ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यातले सर्वांत गाजलेले गाणे रात्रभर जहाजात केळी भरून पहाटे घरी जाऊ इच्छिणाऱ्या जमैकन मजुरांचे आहे, आणि त्यात घड मोजणाऱ्या माणसाला घातलेली साद ऐकताना मला दरवेळी आमचा मुकादम आठवतो.

क्लावे म्हणजे नुसता गोंगाट नव्हे. केहरवा या आठ मात्रांच्या तालाच्या दोन आवर्तनांच्या सोळा मात्रा धरल्या, तर पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर त्याचे पाच ठोके पडतात, आणि बाकीच्या रिकाम्या जागा गायकाला सांभाळाव्या लागतात. ही मुलगी ओवीचा चौथा, अपुरा चरण नेमका त्या रिकाम्या जागेत सोडत होती. पुढच्या ओळीपूर्वी तिने घेतलेला श्वाससुद्धा मोळी डोक्यावर घेताना बायका घेतात तसा होता. मी चाळीस वर्षे गाणे शिकवतो आहे, हे शिकवून येत नाही.

आपल्याकडे हा प्रयोग नवाही नाही. पुणतांब्याला जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांनी १९५१ सालच्या ‘अलबेला’ या हिंदी चित्रपटात बोंगो, ट्रंपेट असा सगळा थाट वापरला, स्वतः चितळकर या नावाने गायले, आणि त्या कामात चिक चॉकलेट हे गोव्याचे जॅझ ट्रंपेटवादक त्यांच्यासोबत होते. ती गाणी आजही आपल्या लग्नांच्या वरातीत वाजतात, आणि त्या वेळी बाज बिघडल्याची तक्रार कोणी करत नाही.

आयोजकांना माझी विनंती एवढीच आहे की, पुढच्या वर्षीपासून लोकगीत आणि पाश्चात्त्य गायन यांच्या जोडीला मिश्र गायनाचा स्वतंत्र विभाग ठेवावा, त्याच्या परीक्षणासाठी लयीचा जाणकार, मग तो तबलजी असो वा हलगीवादक, बसवावा, आणि स्पर्धा उसाचा हंगाम संपल्यावर घ्यावी. या वेळी मुलीचे गाणे ऐकायला तिच्या आईला फडावरून येता आले नाही.

आपला,
एक संगीतशिक्षक,
माजलगाव, जि. बीड