घरपट्टी घटली, चाव्या मात्र राजधानीत गेल्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरपट्टीचा दर लोकांनी थेट मतदानाने ठरवावा, अशी मागणी करणारे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. त्यात अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात घरपट्टीविरुद्ध चळवळ उभारणाऱ्या हॉवर्ड जार्विस यांचा दाखला आहे. महापालिकेच्या करआकारणी खात्यात माझी उभी हयात गेली आणि आता वर्षाआड मुलीकडे त्याच राज्यातल्या सॅन होजेला राहणे होते, म्हणून थोडे लिहितो.

जार्विस यांचा राग खोटा नव्हता, हे आधी सांगतो. सत्तरच्या दशकात तिथे घरांच्या किमती भराभर चढल्या आणि त्यामागोमाग आकारणीही. पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांचे घर तेच, उत्पन्न तेच, बिल मात्र दरवेळी नवे. दुसरीकडे राज्याच्या तिजोरीत अब्जावधी डॉलर शिल्लक पडून होते आणि आमदारांचा घोळ संपत नव्हता. सरकार लहान असावे, असे म्हणत जार्विस वर्षानुवर्षे फिरत होते. शेवटी पॉल गॅन या साथीदारासोबत त्यांनी बारा लाखांवर सह्या जमवल्या आणि ६ जून १९७८ रोजी ‘प्रपोझिशन १३’ हा प्रस्ताव लोकांच्या थेट मतदानात सुमारे ६५ टक्के मतांनी मंजूर झाला. कर मालमत्तेच्या मूल्याच्या एक टक्क्यावर थांबला, मूल्य १९७५ सालच्या पातळीवर नेले आणि घर विकले जाईपर्यंत त्यात वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढ करायची नाही, असे थेट राज्यघटनेतच लिहिले गेले. या कराची वसुली एका झटक्यात निम्म्याहून खाली आली.

(जार्विस लॉस एंजेलिसच्या भाड्याच्या इमारतींच्या मालकांच्या संघटनेचे पगारी पदाधिकारी होते, हेही पत्रलेखकांनी सांगायला हवे होते. करकपातीने भाडी उतरतील, असे भाडेकरूंना सांगितले गेले. ती उतरली नाहीत, आणि त्याच वर्षी लॉस एंजेलिसला भाडी गोठवावी लागली.)

माझ्या मुलीचे घर आणि शेजारच्या आजींचे घर एकाच नकाशाचे, भिंतीचा रंगही जवळपास तोच. आजींनी ते सत्तरच्या दशकात घेतले, मुलीने सहा वर्षांपूर्वी. घर विकले की मूल्य नव्या किमतीवर जाते, म्हणून मुलीचे बिल आजींच्या कितीतरी पट. आमच्या खात्यात असे बिल निघाले असते तर दुसऱ्या दिवशी हरकतींची रांग लागली असती. तिथेही एक घरमालकीण कोर्टात गेली होती. शेजाऱ्यांच्या सुमारे पाचपट कर भरावा लागतो, ही तिची तक्रार. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी ती फेटाळली.

पण मला खरी गंमत वाटते ती वेगळीच. १९७८ पूर्वी तिथे काउंटी (म्हणजे आपल्याकडचा जिल्हा), शहर, शाळा मंडळ आपापला दर ठरवत. लोकांना तो पटला नाही, तर जाब विचारायला माणूस गावातच सापडे. एक टक्क्याची मर्यादा सगळ्यांना मिळून आली आणि त्या एका टक्क्यातले कोणाला किती, हे कायद्याने ठरेल, असे त्याच प्रस्तावात लिहिले होते. कायदा कोण करणार? राज्याच्या राजधानीतले, सॅक्रामेंटोतले विधिमंडळ. वसुली आटल्यावर शहरांना आणि शाळांना सावरायला राज्याच्या त्याच शिलकीतून पैसे गेले, आणि पैसे देणाऱ्याचा शब्द वरचढ झाला. म्हणजे लहान सरकारच्या कैवाऱ्याने गावातल्या लहान सरकारच्या चाव्या काढून मोठ्या सरकारच्या कमरेला लावल्या. आता ही गाठ सोडवायची तर पुन्हा मतदानच हवे. २०२० मध्ये फक्त मोठ्या व्यापारी मालमत्तांपुरता तसा प्रयत्न झाला, तोही थोडक्यात हरला.

आपल्याकडे असे मतदान नाही, तरी ही वाट आपण पाहिलेली आहे. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली. तीही २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाली आणि २०१७ मध्ये जीएसटीत उरलीसुरली संपली. मुंबईतल्या पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ मध्ये माफ झाला, तो निर्णयही मंत्रालयातला. यातल्या कशाचेच नागरिकांनी वाईट वाटून घेतले नाही, मीही नाही. जकात नाक्यावरचा तमाशा मी जवळून पाहिला आहे. मात्र माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात, या महिन्याचा पगार कधी होणार, असे लेखा विभागात विचारले की समोरचा सहकारी संगणकाकडे वळून म्हणायचा, “थांबा, अनुदान आलंय का बघतो.”

आपला,
एक निवृत्त महापालिका कर्मचारी
ठाणे