नागपूरच्या कामठी रोडवरच्या काकांना, आभाराचं पत्र

काका, सादर नमस्कार.

पांढरी मारुती ८०० घेऊन आलेली, वायपरच्या दांड्यांची जोडी नेलेली ती मी. तुमच्या जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात गिऱ्हाइकांची रीघ लागलेली होती, त्यामुळे पैसे देऊन निघाले आणि नीट आभार मानायचे राहिले. ते सगळ्यांसमोर मानावेत असं वाटलं, म्हणून हे उघडं पत्र. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या इतरांनाही तुमचं काम कळावं, हाही हेतू आहेच.

आमची गाडी २००८ सालची, बाबांनी घेतलेली. पंधरा वर्षं झाल्यावर आरसी पुढच्या पाच वर्षांसाठी रिन्यू करून घेतली. इंजिनाची काही तक्रार नाही. त्रास होता तो फक्त समोरच्या काचेचा. नवीन ब्लेड टाकले तरी ऐन माझ्या डोळ्यांसमोर पाण्याचा पट्टा राहायचा, जरा वेग घेतला की ब्लेड काचेपासून उचलायचं, आणि परत येताना थडथड उड्या मारायचं. जो भेटेल तो म्हणायचा, रबर बदला. नागपूरच्या उन्हात रबर कडक होतं हे खरंच आहे, मेमध्ये पारा ४५च्या वर गेला की उभ्या गाडीचं काय होतं ते आपण सगळेच पाहतो. पण नव्या रबरानंही फरक पडत नव्हता.

तुम्ही बोनेटसुद्धा उघडलं नाही. एका बोटानं दांडी उचलली, सोडली, आडवी हलवून पाहिली आणि म्हणालात, "रबराले काहून दोष देता ताई? दांडीतली ताकद गेली. पाणी पुसून नाही राहिलं, पसरवून राहिलं."

मग मला नीट समजावून सांगितलंत. दांडीच्या पोटात स्प्रिंग असते, तीच ब्लेडला काचेवर दाबून धरते. ती सैल झाली की समोरून येणारा वारा ब्लेडखाली शिरतो. आमच्या दांडीचा सांध्यातला रिव्हेटही ढिला झाला होता, त्यामुळे ती जाताना एका रेषेत जायची आणि येताना दुसऱ्या. इतके दिवस गाडी चालवते आहे, पण एवढं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं.

मारुती ८०० बनणं २०१४ सालीच थांबलं. एका दुकानात 'सगळ्या गाड्यांना चालते' म्हणून एक दांडी दाखवली होती, ती लांबीलाच कमी पडत होती. तुमच्याकडच्या ढिगातून मी स्वतःच एक काळी चकचकीत दांडी उचलली आणि पैसे पुढे केले. तुम्ही ते घेतले नाहीत, याच गोष्टीसाठी मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे. दांडी उलटी करून तुम्ही तिच्या डोक्यातल्या भोकात माझं नख फिरवायला लावलंत. आतले दाते झिजून गुळगुळीत झाले होते. दांडी ज्यावर बसते तो मोटरनं फिरणारा खालचा दांडा पोलादाचा आणि दांडीचं डोकं त्याहून मऊ धातूचं, त्यामुळे नट जरा ढिला राहिला की दाते डोक्याचेच झिजतात. मग मोटर फिरत राहते आणि दांडी मध्येच घसरते. "भर पावसात थांबली तर काय करसान?" असं विचारून ती तुम्ही वेगळ्या डब्यात टाकलीत. विकली असती तर मला कळलंही नसतं. वर रंग नवा होता, आणि मी खुशीनं घेऊन गेले असते.

त्यानंतर मागच्या बाजूला उभ्या असलेल्या ८०० कडे नेलंत. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं, तेव्हा बुडालेली ती गाडी. वायरिंग गेलेलं, सीट कुजलेल्या. मला वाटलं हिच्यात काय उरलं असणार. तुम्ही म्हणालात, "वायपरचं काय बिघडते, पावसात राहाचंच काम आहे त्याचं." दोन्ही बाजूच्या दांड्या काढल्यात, कारण बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या दांडीची लांबी आणि वाक सारखे नसतात, जोडी एकाच गाडीची असलेली बरी.

पुढचं काम माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. एक डोळा मिटून तुम्ही दांडीच्या टोकाकडून पाहिलंत, जसं सुतार फळी पाहतो. ड्रायव्हरकडच्या दांडीला बारीकसा पीळ होता. ब्लेड काचेवर सरळ उभं राहिलं तरच रबराची कड जाताना एका बाजूला आणि येताना दुसऱ्या बाजूला वळते. ते कललेलं असलं की एका दिशेनं पुसतं आणि दुसऱ्या दिशेनं थडथडतं. दोन पकडी घेऊन, मध्ये फडकं धरून, तुम्ही तो पीळ अगदी बेतानं काढलात. पुन्हा पाहिलंत, पुन्हा जरासा वळवलात. या कामाचे वेगळे पैसे तुम्ही घेतले नाहीत.

बसवतानाही घाई नाही. आधी वायपर चालू करून स्विचनंच बंद केला, म्हणजे मोटर आपल्या थांबायच्या जागी येते. मग ब्लेडच्या रेषेत काचेवर टेप लावली. काचेवर जाड टॉवेल पसरला, कारण ब्लेड काढलेली दांडी हातातून सुटली तर काच तडकू शकते. नट काढल्यावर दांडी गंजून घट्ट बसलेली होती. तुमच्याकडचा पोरगा तिथे स्क्रूड्रायव्हर घालायला गेला, त्याला तुम्ही थांबवलंत. तेल सोडून दांडी उजवी-डावी हलवत काढलीत, खालचे दाते तारेच्या ब्रशनं साफ केलेत आणि टेपच्या खुणेवर नवी दांडी बसवलीत. कोरड्या काचेवर चालवू नका म्हणून आधी पाणी मारलंत. थोडा वेळ चालवून नट परत आवळलात.

हे सगळं माझ्यासाठी एवढं मोठं का, ते सांगते. काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे, बाबा गेल्यापासून आई आणि मीच पाहतो. शाळेची नोकरी नागपुरात, त्यामुळे सुट्टी मिळाली की मी निघते. आणि बागेला माझी गरज नेमकी पावसातच असते. आंबिया बहराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलून धरलेल्या संत्र्यांची, फळगळ तेव्हाच होते, झाडांच्या बुंध्याशी पाणी तुंबलं की मुळं सडतात, चर मोकळे करावे लागतात. पाऊस थांबेपर्यंत वाट पाहून चालत नाही. शेजारी आई बसलेली, पुढे ट्रक चिखल उडवत चाललेला आणि काचेतून अंदाजानं रस्ता शोधायचा, हे मी सोसलं आहे. परवा त्याच रस्त्यावर धो-धो पाऊस लागला. एका फटकाऱ्यात काच स्वच्छ होत होती, ट्रकच्या मागचा नंबरही वाचता येत होता. आईनं नेहमी घट्ट धरलेलं वरचं हँडल सोडून दिलं आणि मजुरांच्या चहाचं बोलायला लागली.

आईनं तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. बहराची फळं उतरली की तुमच्याकडे पेटी येईल, ती नाही म्हणायची नाही. तुमच्या पोरालाही माझे आभार सांगा, दांड्यांच्या नटांवरची टोपणं शोधून त्यानंच बसवली.

आमच्या शाळेतल्या एका सरांच्या ओम्नीचा वायपर अर्ध्यावर अडकतो. त्यांना तुमच्याकडे पाठवते आहे. गाडीच घेऊन जा, आणि काका नाही म्हणाले तर दुसरीकडून तीच वस्तू घेऊ नका, एवढं त्यांना सांगून ठेवलं आहे.

तुमची आभारी,
पांढऱ्या ८०० वाली ताई